पाडायची घाई, बांधायला सवड: शहराच्या मधोमध पडून राहिलेल्या जागा

पडवी (धागाकर्ता)

शहराच्या ऐन मध्यावर, जिथे जमिनीला सोन्याचा भाव असतो, तिथेच पत्रे ठोकून बंद केलेली ओसाड जागा वर्षानुवर्षं कशी काय पडून राहते? जागा आधीपासून ओसाड असती तर एक वेळ समजलं असतं. पण बहुतेक ठिकाणी तिथे आधी काहीतरी उभं होतं, वापरात होतं, आणि 'लवकरच भव्य प्रकल्प' या बोलीवर ते जमीनदोस्त केलं गेलं.

याचा अस्सल नमुना म्हणजे शिकागोचा ब्लॉक ३७. स्टेट, डिअरबॉर्न, रँडॉल्फ आणि वॉशिंग्टन या चार रस्त्यांमधला हा अख्खा चौक, महापालिकेच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. त्यात १८७२ ची मॅकार्थी बिल्डिंग होती. १८७१ च्या मोठ्या आगीनंतर शहर पुन्हा उभं राहत होतं, तेव्हाची ती वास्तू. तिला वारसा दर्जाही मिळाला होता. १९८७ मध्ये नगर परिषदेनं तो दर्जा काढून घेतला. आपणच दिलेलं संरक्षण आपणच काढायचं! १९८९ मध्ये चौक साफ झाला. फक्त वीज कंपनीचं उपकेंद्र राहिलं, कारण ते हलवणं परवडणारं नव्हतं. आणि मग ऑफिसच्या जागांचा बाजार बसला. हेल्मुट यान यांच्या आराखड्यातले मनोरे कागदावरच राहिले.

पुढची पंधरा-सोळा वर्षं त्या जागेवर हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग चालायचं आणि उन्हाळ्यात मुलांचं कलाशिबिर. कलाशिबिर चांगलं होतं, गॅलरी ३७ हे नाव त्याला तिथूनच पडलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्केटिंगसाठी कुणी १८७२ ची इमारत पाडत नाही. शेवटी बांधकाम सुरू झालं ते २००५ मध्ये. त्याच्या पोटात विमानतळाकडे जाणाऱ्या जलद गाड्यांसाठी स्थानक खोदलं, तेही काम २००८ मध्ये थांबलं. वर मॉल, खाली रिकामं स्थानक.

माझा मुद्दा सरळ आहे. पाडायची परवानगी आणि बांधायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्या की असंच होणार. नव्या इमारतीचे पैसे हातात आल्याशिवाय जुनीला हात लावू देऊ नये. कुणाचं काय म्हणणं?

कोपऱ्यावरचा

डेट्रॉइटचं हडसन्स विसरलात का? अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरपैकी एक. १९८३ मध्ये बंद पडलं, १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरुंग लावून पाडलं. एवढी उंच इमारत त्याआधी कुणी सुरुंगानं पाडली नव्हती. लोक बघायला जमले होते. ढिगारा बाजूच्या पीपल मूव्हर या छोट्या शहरी रेल्वेच्या उन्नत मार्गावर कोसळला आणि तो मार्गही बरेच महिने बंद राहिला. जागेखाली पार्किंग केलं, वर काही नाही. नवं बांधकाम सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला.

रोखठोक

दोन्ही उदाहरणं एकतर्फी आहेत. हडसन्स पाडण्याआधी पंधरा वर्षं रिकामं होतं. वीस लाख चौरस फुटांच्या वर जागा, छप्पर गळतंय, आतलं तांबं चोरीला जातंय, आणि शहराची लोकसंख्या दर दशकाला घसरतेय. ते कोण सांभाळणार होतं? फेसबुकवर हळहळणारे? जुन्या इमारतींबद्दल प्रेम सगळ्यांना असतं, त्यांचं वीजबिल भरायला कुणी येत नाही.

पेन स्टेशनचंही तेच. १९१० चं न्यूयॉर्कचं ते स्थानक देखणं होतं यात वाद नाही. पण रेल्वे कंपनी तोट्यात होती, प्रवासी विमानाकडे आणि मोटारीकडे वळले होते. १९६३ मध्ये पाडायला घेतलं तेव्हा मोर्चा काढणारे मूठभर होते. गेल्यावर सगळे रडले.

पडवी

रोखठोक, पेन स्टेशनच्या जागी निदान काहीतरी उभं राहिलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आवडो न आवडो. मी बोलतोय ते पाडून काहीच न बांधणाऱ्यांबद्दल.

आणि डेट्रॉइटचं म्हणाल तर मिशिगन सेंट्रल स्टेशन बघा. १९१३ चं. शेवटची गाडी १९८८ मध्ये गेली, त्यानंतर तीस वर्षं ती इमारत रिकामी उभी होती. २००९ मध्ये नगर परिषदेनं ती पाडायचा ठराव केला होता. प्रत्यक्षात पाडली गेली नाही. २०१८ मध्ये फोर्डनं घेतली, २०२४ मध्ये उघडली. एकाच शहरात, एकाच मंदीत, दोन मोठ्या ओसाड इमारती. एक घाईनं पाडली, दुसरीचं पाडकाम रखडलं. रखडली ती आज वापरात आहे.

रोखठोक

ती वाचली ती नशिबानं. नशिबावर धोरण ठरत नाही.

व्याजदर

मी या प्रकल्पांना कर्ज देणाऱ्यांच्या बाजूनं बरीच वर्षं काम केलंय, तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. कुणाला आवडणार नाही.

विकासकाकडे दोन वेगवेगळी कर्जं असतात. पहिलं जमीन घ्यायला, थोड्या मुदतीचं आणि महाग. दुसरं बांधकामाचं, मोठं. दुसरं मिळायला बँक विचारते, भाडेकरू कुठे आहेत? ऑफिस इमारत असेल तर जागेचा बराच भाग आधीच करारानं गेलेला लागतो. एक मोठा भाडेकरू मिळाला की बाकीचे येतात. तो मोठा भाडेकरू विकासकाला म्हणतो, 'तुझी जागा अजून रिकामी झालेली नाही, जुनी इमारत उभी आहे, वारसावाले कोर्टात जातील, मी दोन वर्षं थांबू शकत नाही.' म्हणून विकासक आधी पाडतो. पाडणं म्हणजे बाजाराला दिलेला शब्द, की आम्ही खरंच बांधणार आहोत. त्यात पहिल्या कर्जाचं व्याज चढतच असतं.

म्हणजे पडवी म्हणतात तसं 'पैसे असतील तरच पाडा' हे ऐकायला सोपं आहे, पण पैसे येण्यासाठीच पाडायचं असतं. मग मध्ये २००८ ची मंदी येते. बॉस्टनला फाइलीन्स या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागी हेच झालं. डॅनियल बर्नहॅम यांच्या फर्मची १९१२ ची इमारत, डाउनटाउन क्रॉसिंगच्या मधोमध. दर्शनी भिंत ठेवून आतलं आणि बाजूचं पाडलं, खड्डा खणला, आणि २००८ च्या नोव्हेंबरात काम बंद. कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. त्यात दुष्ट हेतू शोधायची गरज नाही.

पडवी

व्याजदर, हा कर्जाचा क्रम नीट सांगितलात, आभार. पण 'दुष्ट हेतू शोधायची गरज नाही' हे बॉस्टनच्या बाबतीत तरी म्हणू नका. तिथल्या भागीदार कंपनीचे प्रमुख स्टीव्हन रॉथ २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठात बोलताना काय म्हणाले ते गाजलं होतं. न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर अलेक्झांडर्सच्या जुन्या दुकानाची जागा त्यांच्या ताब्यात होती. ती त्यांनी मुद्दाम तशीच पडू दिली, कारण जागा जितकी भिकार दिसेल तितकं सरकार मदतीला तयार होईल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे कुणी चोरून रेकॉर्ड केलेलं नव्हतं, विद्यार्थ्यांसमोर हसतखेळत सांगितलेलं होतं. बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो भडकले, आणि पुढे तिथल्या परवानग्याच काढून घेतल्या गेल्या. मग जागा दुसऱ्या विकासकाकडे गेली, आणि २०१६ मध्ये साठ मजली मिलेनियम टॉवर पुरा झाला.

मेनिनोंनी हिसका दिल्यावर जागा हलली. त्याआधीची चार वर्षं बाजार काय करत होता?

व्याजदर

बाजार सावरत होता. २०१२ मध्ये बॉस्टनला घरांची मागणी परत आली म्हणून टॉवर झाला. मेनिनोंचा हिसका २००९ मध्ये बसला असता तर जागा नव्या हातात जाऊनही तशीच राहिली असती. त्या भाषणाबद्दल मात्र बोलायला काही नाही, ते शोभलं नाही.

गवंडी

खड्ड्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझं काम पायाचं, त्यामुळे तेवढंच.

खोल तळघर खणताना चारी बाजूंनी भिंत उतरवतात आणि ती आत कोसळू नये म्हणून मागच्या मातीत तिरपी भोकं पाडून पोलादी अँकर ताणून बसवतात. हे अँकर तात्पुरते. मानकांत तात्पुरता म्हणजे साधारण दोन वर्षांच्या आतला. गंजापासून त्याला पुरतं संरक्षण दिलेलं नसतं, कारण तोवर तळघराचे स्लॅब पडतात आणि भिंतीला आतून तेच टेकू देतात. अँकरचं काम संपतं.

काम मध्येच थांबलं की काय होतं? अँकर मातीत गंजत राहतात, कुणाला दिसत नाहीत. खड्ड्यात पाणी झिरपत राहतं, म्हणून पंप रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो, आणि विकासक अडचणीत आला की सगळ्यात आधी पंपवाल्याचंच बिल थकतं. बाजूच्या रस्त्याखालून पाण्याची लाइन, गॅस, केबली. रस्त्याला कुंपणाला समांतर चीर दिसली की समजायचं, भिंत आत सरकतेय. म्हणून थांबलेला खड्डा भरून टाका असा आदेश निघतो, आणि मग काही वर्षांनी तोच खड्डा पुन्हा खणायचा.

शिकागो स्पायरचा खड्डा इतकी वर्षं कसा टिकला असं लोक विचारतात. काल्ट्रावा यांनी रचलेला हा दोन हजार फुटांचा मनोरा. काम २००७ मध्ये सुरू, २००८ मध्ये बंद, मागे राहिला ७६ फूट खोल खड्डा. पण तो गोल होता. गोल भिंत मातीचा दाब वर्तुळातच जिरवते, तिला अँकरची तेवढी गरज लागत नाही. चौकोनी खड्ड्याला ते सुख नाही.

दर्शनी भिंतीबद्दलही थोडं. 'फसाड वाचवलं' म्हणून टाळ्या पडतात, पण जुनी दगडी भिंत एकटी उभी राहण्यासाठी बांधलेलीच नसते. तिला प्रत्येक मजल्याची फरशी आणि तुळया मागून धरून असतात. ते काढलं की रस्त्याच्या बाजूनं लोखंडी सांगाडा उभारून, खाली काँक्रीटचे ठोकळे वजनाला ठेवून ती धरावी लागते. तोही तात्पुरता हिशोब. भिंतीचा माथा उघडा पडतो, पाऊस वरून थेट भिंतीच्या गाभ्यात उतरतो. थंड देशात ते पाणी गोठतं आणि दगडांचे सांधे उकलतात. वरचा माथा झाकायला जस्ताचा पत्रा लागतो, त्याला खर्च किरकोळ आहे. तरी मी बघितलंय, काम बंद झाल्यावर तो कुणी लावत नाही. प्रकल्प पाच वर्षं रखडला की 'वाचवलेली' भिंतच धोकादायक ठरते आणि तीही उतरवतात.

चुनखडी

गवंडीदादा, माहितीपूर्ण! हे कुठे वाचायला मिळत नाही.

निळी शाई

करांबद्दल बोला की कुणीतरी. मूळ तिथे आहे. बऱ्याच शहरांत मालमत्ता कर हा जमीन अधिक इमारत अशा एकत्र किमतीवर असतो. इमारत पाडली की कर उतरतो. मग तिथे डांबर ओतायचं, रेघा मारायच्या, एक टपरी आणि एक माणूस बसवायचा. गाड्या लावायच्या पैशातून उरलेला कर निघतो, जमिनीचा भाव वर्षागणिक चढतोच. अशा मालकाला बांधायची घाई का असेल? रखडलेल्या जागा म्हणतो आपण, पण मालकाच्या दृष्टीनं काहीच रखडलेलं नसतं.

यावर जुना तोडगा आहे, एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन अर्थविचारक हेन्री जॉर्ज यांच्या विचारातून आलेला: कर जमिनीवर जास्त, इमारतीवर कमी. पिट्सबर्गनं १९१३ पासून २००१ पर्यंत असा दुहेरी दर ठेवला होता. एका काळात जमिनीवरचा दर इमारतीच्या कित्येक पट होता. २००१ मध्ये बंद केला, कारण मालमत्तांचं फेरमूल्यांकन झालं, काहींच्या जमिनींच्या किमती एकदम चढल्या आणि बोंबाबोंब झाली. कल्पना वाईट म्हणून नव्हे, मूल्यांकन वेळच्या वेळी केलं नाही म्हणून. डेट्रॉइटचे महापौर माइक डगन यांनी २०२३ मध्ये पुन्हा तसाच प्रस्ताव मांडला होता.

रोखठोक

थांबा. जमिनीवर जड कर लावला तर छोट्या जुन्या इमारतीचा मालक आधी मरेल. ऐन मध्यावर दुमजली १८८० ची इमारत, जमिनीची किंमत इमारतीच्या वीसपट. त्याला तुम्ही सांगताय, भर कर, नाहीतर वीस मजले बांध. वारसा वाचवायला निघालात आणि पाडायला धक्का दिलात.

निळी शाई

मुद्दा मान्य. वारसा यादीतल्या वास्तूंना त्यातून वगळावं लागेल, किंवा जितकं बांधायची खरंच मुभा आहे तितक्याच किमतीवर कर धरावा लागेल. पण मोकळ्या डांबरी पार्किंगला तरी सवलत नको.

कोपऱ्यावरचा

पार्किंगवरून आठवलं. डेट्रॉइटचं मिशिगन थिएटर. १९२६ चं, साधारण चार हजार खुर्च्यांचं, आतून राजवाडा. सत्तरच्या दशकात बंद पडलं. शेजारची ऑफिस इमारत त्याला जोडलेली, तिथले भाडेकरू म्हणाले गाड्या लावायला जागा द्या नाहीतर निघालो. थिएटर पाडलं तर ऑफिसच्या इमारतीला धोका. मग त्यांनी काय केलं, थिएटरच्या पोटातच तीन मजली पार्किंग बांधलं! आजही तुम्ही गाडी लावून वर बघितलंत तर डोक्यावर प्लास्टरचं नक्षीदार छत, अर्धं ढासळलेलं, रंगमंचाची कमान तशीच, एका कडेला पडद्याच्या चिंध्या. आणि खाली रांगेत सेडान. हेन्री फोर्डनं आपली पहिली मोटार ज्या छोट्या शेडमध्ये बनवली ती याच जागेवर होती. ती शेड आधीच उचलून संग्रहालयात नेलेली. मोटारीनं आपली जन्मभूमी परत घेतली म्हणायची.

चुनखडी

कोपऱ्यावरचा, हसावं की रडावं कळेना.

सेंट लुइसचं सेंच्युरी बिल्डिंग प्रकरण याहून चीड आणणारं आहे. १८९६ ची, संगमरवरी दर्शनी भाग असलेली इमारत. शेजारी जुनं पोस्ट ऑफिस, तेही ऐतिहासिक. पोस्ट ऑफिसचं नूतनीकरण करायचं तर भाडेकरूंना पार्किंग हवं, म्हणून सेंच्युरी पाडून तिथे गॅरेज. २००४ मध्ये पाडकाम सुरू झालं. आणि याला पाठिंबा कुणाचा? नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या वारसा संस्थेचा. एक वाचवण्यासाठी एक द्या, असा सौदा. स्थानिक वारसावाले त्या संस्थेवर अजून खार खाऊन आहेत.

व्याजदर

हा सौदा अगदी मूर्खपणाचा नव्हता. पोस्ट ऑफिस रिकामं राहिलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या.

चुनखडी

'दोन्ही गेल्या असत्या' हे पाडणारा प्रत्येक जण म्हणतो.

दुपारची

कायद्याला दात असले तर काय होतं याचं एक उदाहरण देते, लंडनचं. मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न नावाचा १९२०-२१ चा पब. दुसऱ्या महायुद्धात त्या रस्त्यावर बाँब पडले त्यातून तो वाचला होता. २०१५ मध्ये मालक कंपनीनं पाडून फ्लॅट बांधायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. वारसा यादीत घालायचं चाललं होतं. ईस्टरच्या सोमवारी पब चालवणाऱ्या बाईंना सांगितलं, आज मालाची मोजदाद आहे, बंद ठेवा. दोन दिवसांत बुलडोझर. आत त्यांचं सामानसुद्धा होतं.

वेस्टमिन्स्टर पालिकेनं दंडावर भागवलं नाही. आदेश काढला, होतं तसंच्या तसं, वीट न वीट परत बांधा. कंपनी अपिलात गेली, हरली. आणि इथे मौज बघा. वारसा खात्याला आधीच कुणकुण लागली होती, त्यांनी इमारतीच्या तपशीलवार नोंदी केल्या होत्या, आतल्या टाइल्सचे साचेसुद्धा घेऊन ठेवले होते. म्हणून 'तसंच्या तसं' म्हणजे काय यावर वाद घालायला वाव उरला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये पब परत उघडला.

आता कुणी म्हणेल ती नवी विटांची नक्कल आहे. असेल. पण पाडणाऱ्याचा फायदा शून्यावर आला, हे महत्त्वाचं. पाडून दंड भरणं स्वस्त पडतं तोवर दंडाला कुणी भीत नाही.

रोखठोक

हे मात्र पटलं.

निळी शाई

दुसरा मार्ग म्हणजे पाडणाऱ्याला झोडण्याऐवजी न पाडणाऱ्याला काहीतरी द्यायचं. पेन स्टेशन गेल्यावर न्यूयॉर्कनं १९६५ मध्ये वारसा कायदा केला. मग ग्रँड सेंट्रलवर मनोरा बांधायला नकार दिला, रेल्वे कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, १९७८ मध्ये निकाल शहराच्या बाजूनं लागला. त्यात एक महत्त्वाचा धागा असा होता की स्थानकावर बांधता येत नसलं तरी तेवढं बांधकाम जवळच्या दुसऱ्या जागेला विकता येतं, म्हणजे मालक पुरता नागवला जात नाही. आपण ज्याला टीडीआर म्हणतो ते.

चुनखडी

आणि त्याच टीडीआरचं पुढे काय झालं ते पण सांगा! जेपी मॉर्गननं ग्रँड सेंट्रलचे न वापरलेले हक्क विकत घेतले आणि पार्क ॲव्हेन्यूवर २७० नंबरला नवा मनोरा बांधला. तिथे आधी काय होतं? १९६० ची युनियन कार्बाइड बिल्डिंग, बावन्न मजली, नॅटली द ब्लॉय यांच्या रचनेची. मालकानं स्वखुशीनं पाडलेली ती तेव्हापर्यंतची जगातली सगळ्यात उंच इमारत. १९१३ चं स्थानक वाचवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेतून १९६० ची इमारत गेली.

निळी शाई

हो, हे टोचतं. पण तिथे काम एक दिवस रखडलं नाही. धाग्याच्या विषयात बसत नाही.

चुनखडी

शीर्षकात बसत नसेल, दुःखात बसतं.

दुपारची

इंग्लंडातलं ब्रॅडफर्ड कुणाला माहीत आहे का? १९६२ मध्ये तिथलं स्वान आर्केड पाडलं, व्हिक्टोरियन काळातलं काचेच्या छताचं बाजारगृह, लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसांचं. फॉर्स्टर स्क्वेअर भागातल्या जुन्या इमारतीही साठच्या दशकात गेल्या, जागी काँक्रीट आलं. मग चाळीसएक वर्षांनी ते काँक्रीटही नकोसं झालं. २००४ मध्ये नव्या मॉलसाठी तो भाग पाडला आणि मंदीत सगळं अडकलं. शहराच्या मधोमध प्रचंड खड्डा, दहा वर्षं. लोकांनी तिथे तंबू ठोकून आंदोलन केलं. मध्ये एका भागात तात्पुरती बाग केली, ती बरी होती. मॉल २०१५ मध्ये उघडला.

मला यातलं खटकतं ते हे, की साठच्या दशकातल्या इमारती पाडताना कुणी हूं की चूं केलं नाही. 'कुरूप आहेत, जाऊ देत.' पण त्या कुरूप इमारतींत दुकानं चालू होती, माणसं कामाला होती. दहा वर्षं ते सगळं बंद. वारसा असो नसो, उभी इमारत काहीतरी काम करत असते. पाडायच्या परवानगीला वारसा यादी हा एकच चाप ठेवला तर या इमारतींचं काय?

पडवी

दुपारची, हाच माझा मुद्दा होता आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा नेमका मांडलात. नियम वारशापुरता नकोच. शहराच्या मध्यातली कुठलीही इमारत पाडायची तर आधी बांधकामाच्या पैशाचा पुरावा.

गवंडी

त्याला पळवाट सांगू? 'धोकादायक' असा शेरा. कुठल्याही नियमात धोकादायक इमारतीला सूट असतेच, असायलाच हवी, माणसं मरता कामा नयेत. मग मालक काय करतो, छपराची पन्हाळी साफ करत नाही. बस, एवढंच. पानं अडकतात, पाणी मागे फिरतं, भिंतीत मुरतं, तुळईचं टोक जिथे भिंतीत बसतं ते कुजतं. काही पावसाळे गेले की माझ्यासारख्याला बोलावतात. तपासून खरं तेच लिहावं लागतं: धोकादायक. पाडायचा परवाना हातात, पैशाचा पुरावा कुणी मागत नाही.

पाडण्यावर नियम करायचा तर छप्पर आणि पन्हाळीवर आधी करा. दर वर्षी तपासणी, मालक करत नसेल तर पालिकेनं दुरुस्ती करून बिल करात जोडायचं.

व्याजदर

गवंडी बरोबर बोलले. आणि पडवी, तुमच्या नियमाला मी विरोध केला होता, पण तो राबवता येईल असा एक प्रकार आहे. पैशाचा 'पुरावा' मागू नका. बँकेचं पत्र म्हणजे पुरावा नव्हे, त्यात तळटिपा इतक्या असतात की ते पत्र कधीही मागे घेता येतं. त्याऐवजी म्हणा, बांधकाम कर्जाचा पहिला हप्ता प्रत्यक्ष खात्यातून उचलला गेल्यावरच पाडकाम. कर्जाच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय बँक पहिला हप्ता सोडत नाही. शहराला वेगळी छाननी करायला नको, बँकेची छाननी आयती मिळते. भाडेकरूला 'जागा रिकामी नाही' ही भीती राहील, पण सगळ्याच विकासकांना एकच नियम असेल तर भाडेकरू जाणार कुठे?

सोबत अनामत रक्कम. मुदतीत तळमजल्याच्या वर काम आलं नाही तर त्यातून खड्डा भरायचा, भिंतीचा माथा झाकायचा, पंप चालवायचा.

रोखठोक

लॉस एंजेलिसच्या ओशनवाइड प्लाझाचं काय? तिथे तर कर्ज उचललेलं होतं, तीन मनोरे शेवटच्या मजल्यापर्यंत गेले होते. २०१९ मध्ये मूळ चिनी कंपनीचे पैसे आटले, काम ठप्प. २०२४ मध्ये पोरांनी मजल्यामागून मजला रंगवून काढला. तुमचा पहिला हप्ता तिथे काय करणार?

व्याजदर

काही नाही. पहिला हप्ता सुरुवातीची हमी देतो, शेवटाची नाही. शेवटाची हमी विकणारे आहेत, त्याला काम पुरं करायचं हमीपत्र म्हणतात, आणि त्याचा हप्ता ऐकून विकासक मीटिंगमधून उठून जातात.

पडवी

उठून गेले तर जुनी इमारत उभी राहील ना?

व्याजदर

राहील. तोवर तिची पन्हाळी कोण साफ करणार ते गवंडींना विचारा.

कोपऱ्यावरचा

मॉन्ट्रियलच्या ओव्हरडेलबद्दल लिहायचं राहिलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी भाडेकरूंना हुसकावून घरं पाडली, मनोरे होणार होते, वीसहून जास्त वर्षं मोटारी लागत होत्या. एकच घर उभं राहिलं, लाफोन्तेन या जुन्या राजकारण्याचं. वेळ मिळाला की सविस्तर टाकतो, त्यात भाडेकरूंची बाजू आहे आणि ती या धाग्यात अजून आलेलीच नाही.